आजीच्या अक्षरांची पेटी

परदेशात आल्यापासून माझ्या सुट्टीच्या बहुतेक संध्याकाळी सार्वजनिक ग्रंथालयाच्या तळघरातील कार्यशाळेत जातात. तिथले लेझर कटर आणि थ्रीडी प्रिंटर सभासदांना वापरता येतात. ताईच्या वाढदिवसासाठी मी तिथेच एक लाकडी पेटी केली आणि झाकणावर आजीने तिला लिहिलेल्या पत्रातील दोन ओळी कोरल्या.

ताईने पत्र स्कॅन करून पाठवले होते. त्यावरून इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांच्या रेषा काढून घेतल्या. सॉफ्टवेअर या रेषा आपोआप गुळगुळीत करते. त्यामुळे उतारवयातील आजीच्या हाताचा कंप पार पुसला गेला आणि अक्षरे देखणी, पण परकी दिसू लागली. मी ती सुधारणा काढून टाकली आणि अक्षरांना चिकटलेले शाईचे डाग तेवढे एकेक करून वेगळे केले. यात दोन संध्याकाळी गेल्या. यंत्राने त्या ओळी काही मिनिटांत कोरल्या.

पेटीच्या फळ्या ३ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडच्या असून त्या दातेरी कडांनी एकमेकींत बसतात. कापताना लेझर साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर लाकूड जाळून टाकतो, ही गोष्ट मापात न धरल्यामुळे माझी पहिली पेटी खिळखिळी झाली. दुसऱ्या वेळी प्लायची खरी जाडी कॅलिपरने मोजली, लहान तुकड्यांवर सांधा जुळवून पाहिला आणि मगच पूर्ण फळ्या कापल्या. अस्तरासाठी आणलेले कृत्रिम चामडे मात्र परत ठेवावे लागले, कारण त्यात पीव्हीसी असेल तर लेझरखाली हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसांना घातक असतो आणि यंत्रही गंजवतो. शेवटी फेल्ट कात्रीने कापून लावले.

पेटीत ठेवण्यासाठी आजीचे छायाचित्र थ्रीडी प्रिंटरवर पांढऱ्या पीएलए प्लास्टिकमध्ये छापले. त्यात जिथे सावली तिथे थर जाड आणि जिथे उजेड तिथे पातळ असतो, त्यामुळे हातात धरल्यावर नुसते उंचवटे दिसतात आणि दिव्यासमोर धरले की चेहरा उमटतो. पीएलए साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते, म्हणून ते उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नकोस, असे ताईला आवर्जून कळवले आहे.

आता दादालाही तशीच पेटी हवी आहे. फळ्यांची फाइल तयार आहे, परंतु झाकणावर आजीने त्याला लिहिलेल्या ओळी असाव्यात असे मला वाटते, आणि ते पत्र ताई शोधते आहे.