आतला कॉमा, बाहेरचा कॉमा

सीएसव्ही फाइल, म्हणजे कॉमाने रकाने तोडलेली साधी मजकुराची फाइल, प्रोग्रामने वाचायला शिकायचं असेल तर नमुना म्हणून हार्डवेअरच्या दुकानातली मालाची यादी घ्यावी. किराणा दुकानाची यादी तशी सोज्वळ असते: तूरडाळ,50,160. हार्डवेअरवाल्याकडे मात्र मालाच्या नावातच कॉमे, मापात इंचाची खूण (") आणि लाखाच्या रकमेत पुन्हा कॉमे. एकच ओळ बघा:

301,"पाइप, पीव्हीसी, 1/2""",850,"1,27,500"

रकाने चार: क्रमांक, माल, नग, एकूण किंमत. माणसाच्या डोळ्याला हे कळायला फार वेळ लागत नाही. त्या तीन अवतरणचिन्हांपाशी क्षणभर अडखळतो, एवढंच.

नवशिक्याचा हात सगळ्यात आधी जातो तो स्प्लिटकडे. ओळ घ्यायची, कॉमावर तोडायची, झालं काम. वरच्या ओळीत कॉमे सात, त्यामुळे तुकडे पडतात आठ. तिसऱ्या तुकड्यात नग असायला हवेत, तिथे ‘पीव्हीसी’ येऊन बसतं. त्याचा आकडा करायला गेलं की प्रोग्राम तिथल्या तिथे बोंब मारतो, आणि हे नशीबच म्हणायचं. घात करतात त्या बोंब न मारणाऱ्या ओळी. मालाच्या नावात कॉमा नसेल तर पहिले तीन रकाने बिनचूक येतात आणि चौथ्यात येतं अवतरणचिन्ह चिकटलेलं 1. मग कुणीतरी शक्कल लढवतं की आधी सगळी अवतरणचिन्हं पुसून टाकू. ती पुसली की सव्वा लाखाच्या वरचा माल एका रुपयाला हिशेबात लागतो. कुठेही लाल अक्षर दिसत नाही.

आतल्या कॉमात आणि बाहेरच्या कॉमात दिसायला काडीचाही फरक नाही. संगणकाच्या लेखी दोघांचा क्रमांक 44च. फरक आहे तो वाचणारा त्या क्षणी कुठे उभा आहे याचा. मोडी लिहिताना शब्द सुटे करायची पद्धत नव्हती, विरामचिन्हंही नसत. कुठे तोडायचं ते वाचणाऱ्याने मागचंपुढचं लक्षात ठेवून ठरवायचं. (मराठीत विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं.) स्प्लिटला हे जमत नाही, कारण त्याला मागचं काही आठवतच नाही. प्रत्येक कॉमा त्याला आयुष्यातला पहिलाच.

म्हणून ओळ तोडायची नाही, अक्षर अक्षर वाचत जायचं आणि आपण कुठे आहोत एवढं एक लक्षात ठेवायचं. जागा चारच: रकान्याच्या सुरुवातीला, उघड्यावर (अवतरण नसलेल्या रकान्यात), आत (अवतरणाच्या), आणि दारात. सुरुवातीला असताना अवतरणचिन्ह आलं तर ते न साठवता आत जायचं. कॉमा आला तर रकाना रिकामा होता असं समजून पुढच्याच्या सुरुवातीला. दुसरं काहीही आलं तर ते साठवून उघड्यावर. उघड्यावर कॉमा किंवा ओळीचा शेवट दिसला की रकाना संपला. आत असताना मात्र कॉमा येवो, नवी ओळ येवो, सगळं मुकाट साठवत राहायचं. आत फक्त एका चिन्हाला मान, अवतरणचिन्हाला. ते दिसलं की दारात येऊन थांबायचं.

सगळी मेख दारात आहे. अवतरणचिन्ह दिसल्या दिसल्या ते कसलं हे सांगताच येत नाही. बंद करणारं असेल, किंवा मजकुरातलंच एक असेल. पुढचं अक्षर येईपर्यंत निकाल राखून ठेवावा लागतो. पुढेही अवतरणचिन्हच आलं तर दोन्ही मिळून एक धरायचं, साठवायचं आणि परत आत जायचं. कॉमा किंवा ओळीचा शेवट आला तर रकाना बंद. तिसरंच काही आलं तर फाइल बिघडलेली आहे.

आता अर्ध्या इंचाच्या त्या तीन चिन्हांकडे परत येऊ. 1/2 पर्यंत आपण आत आहोत. पहिलं चिन्ह आलं, दारात थांबलो. दुसरं आलं, म्हणजे जोडी झाली: इंचाची एक खूण साठवली, परत आत. तिसरं आलं, पुन्हा दारात. मग कॉमा. रकाना बंद, हातात आलं पाइप, पीव्हीसी, 1/2". पहिल्या दोन चिन्हांनी मजकूर दिला आणि तिसऱ्याने दार लावलं. ‘कडेची अवतरणचिन्हं छाटून टाक’ असं सांगणाऱ्या प्रोग्रामच्या हाताला इथे तिन्ही लागतात आणि इंच नाहीसा होतो. गिऱ्हाइकाला मग अर्धा काय द्यायचं, अर्धा फूट?

यादी हाताने लिहिणाऱ्याने त्या तिघांतलं एक चिन्ह गाळलं तर काय होतं, हे कागदावर एकदा करून बघण्यासारखं आहे:

301,"पाइप, पीव्हीसी, 1/2"",850,"1,27,500"

जोडीने इंच दिला आणि आपण आतच राहिलो. कॉमा, 850, पुन्हा कॉमा, सगळं मालाच्या नावात जमा झालं. मग रकमेआधीचं अवतरणचिन्ह आलं, दारात थांबलो. पुढे आला 1. नियमाने इथेच अडायला हवं. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचं सीएसव्ही मॉड्यूल, म्हणजे त्या भाषेतला तयार वाचक, मात्र मुळात भिडस्त आहे. ते त्या 1 ला पोटात घालून उघड्यावर चालू लागतं. पुढच्या कॉमाला रकाना संपतो, मग 27, मग 500 आणि त्याच्या मागे लोंबकळणारं अवतरणचिन्ह. मोजा: रकाने चार! ‘चार रकाने आले का’ ही तपासणी पास, आणि 850 नगांचे झाले 27. रकमेवरची चिन्हं झटकणारा एखादा सफाईदार असला की 27 पाइप 500 रुपयांना, अगदी पटण्यासारखा हिशेब. म्हणून त्या मॉड्यूलला स्ट्रिक्ट हा पर्याय खरा करून द्यावा. मग ते त्या 1 पाशीच थांबतं आणि इथे कॉमा हवा होता असं स्पष्ट सांगतं. भिडस्त वाचक माणसांत शोभतो, प्रोग्रामात नाही.

ओळीची गंमत वेगळीच. एक्सेलमध्ये एका चौकटीत ऑल्ट आणि एंटर दाबून पत्ता दोन ओळींत लिहिता येतो आणि लोक तो हौसेने लिहितात. फाइलमध्ये तो अवतरणांच्या आत, खऱ्याखुऱ्या नव्या ओळीसकट उतरतो. तेव्हा आधी ओळी सुट्या करू आणि मग प्रत्येक ओळीचे रकाने, हा क्रमच उलटा पडतो. ओळ कुठे संपते हेसुद्धा आत-बाहेर बघूनच ठरवायचं. उघडलेलं अवतरण कुणी बंद केलंच नाही तर तो एक रकाना पुढच्या शेकडो ओळी गिळत जातो. पायथॉन एका रकान्यात 1,31,072 अक्षरांपर्यंत सोसतो, मग रकाना मर्यादेबाहेर गेल्याची तक्रार करतो. ही तक्रार दिसली की मर्यादा वाढवण्याआधी न मिटलेलं अवतरण शोधावं. स्वतः वाचक लिहीत असाल तर अवतरण कितव्या ओळीत उघडलं तो आकडा जपून ठेवा आणि चूक सांगताना तोच सांगा. फाइलच्या शेवटची ओळ दाखवून काही उपयोग नाही, चोर तिथे नसतो. शेवटच्या ओळीनंतर एंटर नसेल तर शेवटचा रकाना जमा करायचा राहून जातो, हीदेखील हमखास होणारी चूक.

हे नियम कुणी ठरवले? कॉमाने तोडलेल्या फाइली कित्येक दशकं सर्रास फिरत होत्या. पायथॉनमध्ये त्यांच्यासाठीचं मॉड्यूल 2003 साली आलं आणि आरएफसी 4180 हे नियम मांडणारं टिपण ऑक्टोबर 2005 मध्ये. लग्न लागून मुलं शाळेत गेल्यावर पत्रिका जुळवल्यासारखं. तेही बंधनकारक मानक नव्हे, नुसतं माहितीपर. त्यामुळे जो तो आपल्या रीतीने लिहितो. जर्मनीत दशांश चिन्ह म्हणूनच कॉमा वापरतात, म्हणून तिथल्या एक्सेलमधून निघणाऱ्या फाइलीत रकान्यांमध्ये अर्धविराम असतो. आपल्याकडची खोड म्हणजे कॉमानंतर सोडलेली जागा. लिहिताना तशी जागा सोडणं शुद्धच, पण इथे त्या जागेमुळे अवतरणचिन्ह रकान्याचं पहिलं अक्षर राहत नाही, आपण उघड्यावर पडतो आणि आतले कॉमे तुटायला लागतात. वर्डमधून चिकटवलेली वळणदार अवतरणचिन्हं तर निव्वळ शोभेची. सरळ चिन्हाचा क्रमांक 34, वळणदारांचे 8220 आणि 8221. वाचकाच्या दृष्टीने ती अवतरणं नव्हेतच.

मराठी मजकुराची एक धास्ती मात्र उगाच असते. यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या एका पद्धतीत, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि त्या तिन्हींपैकी एकही बाइट कधी 44 किंवा 34 नसतो. म्हणजे ‘पाइप’मध्ये चुकूनसुद्धा कॉमा दडलेला सापडणार नाही. त्रास होतो तो फाइलच्या तोंडाशी. एक्सेलला फाइल यूटीएफ-8 आहे हे कळावं म्हणून सुरुवातीला 239, 187, 191 असे तीन अदृश्य बाइट घालतात. ते नसतील तर डबल क्लिक करून उघडल्यावर मराठीच्या जागी बहुधा टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांची जत्रा भरते. ते असतील तर पायथॉनमध्ये पहिल्या रकान्याचं नाव ‘क्रमांक’ असं छापून येतं आणि ‘क्रमांक’ मागितला की सापडत नाही, कारण नावाच्या आधी ते न दिसणारं शेपूट असतं. फाइल उघडताना यूटीएफ-8-सिग हे एन्कोडिंग दिलं की ते गळतं. त्याच वेळी न्यूलाइन या पर्यायाला रिकामी स्ट्रिंगही द्यावी. ती न देता विंडोजवर फाइल लिहिली तर एक्सेलमध्ये प्रत्येक ओळीनंतर एक कोरी ओळ दिसते आणि माणूस दिवसभर आपल्याच लूपवर संशय घेत बसतो.

अवतरणांकडून भलती अपेक्षाही असते. पुण्याचा एसटीडी कोड 020 अवतरणांत घातला की एक्सेल त्याला मजकूर मानेल, असं वाटतं. मानत नाही, 20 करून टाकतं. अवतरण फक्त रकाना कुठून कुठपर्यंत ते सांगतं. आत आकडा आहे की नाव, याबद्दल ते काही बोलत नाही. पाइपचं माप वेगळ्या रकान्यात नुसतं 1/2 असं लिहिलं तर आपल्याकडच्या सेटिंगला त्याची 1 फेब्रुवारी होते. जनुकांची काही नावं अशीच तारखा होऊन जात, आणि 2020 पर्यंत शास्त्रज्ञांनी एक्सेलपुढे हात टेकून ती नावंच बदलली. पायथॉनचं मॉड्यूल उलट, सगळं मजकूर म्हणूनच देतं. 1,27,500 चा आकडा करायचा तर आतले कॉमे आपण काढायचे, तेही रकाने वेगळे झाल्यावर. कॉमे काढले की १२७५०० असे देवनागरी अंकसुद्धा पायथॉन बिनतक्रार घेतो.

रोजच्या कामाला तयार मॉड्यूलच वापरावं. पण चार जागांचा वाचक एकदा स्वतः लिहावा, जेमतेम चाळीस ओळींचं काम. लिहून झाला की त्याच्यापुढे एका रकान्यात फक्त अवतरणचिन्हं ठेवून बघा. दोन ठेवली तर रकाना रिकामा यायला हवा. तीन ठेवली तर अवतरण मिटलं नाही अशी तक्रार. चार ठेवली तर इंचाची एकच खूण.