आचाऱ्याचा आचार्य होऊ न देता: मराठी पुस्तक मेलने ई-रीडरवर

‘आचाऱ्यास बोलावले’ आणि ‘आचार्यास बोलावले’. पहिल्या वाक्यात स्वयंपाकी येतो, दुसऱ्यात गुरुजी. कुठलाही ई-रीडर हाती आला की मी आधी ही दोन वाक्ये त्यावर चढवतो. जोडीला ‘वाङ्मय’, ‘उच्छ्वास’ आणि ‘स्त्रीत्व’. हे पाच शब्द नीट उमटले तर पुढचे तीनशे पानांचे पुस्तक सहसा नीट उमटते. ते फुटले तर स्क्रीन कितीही गुळगुळीत असो, मराठीसाठी त्या मांडणीत काहीतरी चुकले आहे.

रस्ता साधा दिसतो: फाइल तयार करायची, मेलला जोडायची, किंडलच्या, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ई-रीडरच्या, पत्त्यावर पाठवायची. प्रत्यक्षात माझा बहुतेक वेळ पहिल्या पायरीवर गेला, कारण मराठी पुस्तके बहुतेक वेळा पीडीएफमध्येच मिळतात. ए४ पानाची रुंदी २१० मिलिमीटर, सहा इंची स्क्रीनची साधारण ९०. म्हणजे १२ पॉइंटचे अक्षर पाच पॉइंटचे होऊन बसते. अनुस्वार आहे की धूळ, हे ओळखू येत नाही.

म्हणून पीडीएफचे ईपब, म्हणजे स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे मजकूर मांडणारे ई-पुस्तक, करावे लागते, आणि तिथे पहिला खड्डा. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. रोमन अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ आला तर पुस्तक श्रीलिपी, कृतिदेव किंवा तशाच जुन्या, युनिकोडपूर्व (सर्व संगणकांवरचा समान अक्षर-संकेत येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये जुळवलेले आहे. अक्षरे देवनागरी आली तरी लगेच खूश होऊ नका. पीडीएफ अक्षरे साठवते ती कागदावर दिसतात त्या क्रमाने. ऱ्हस्व वेलांटी दिसते व्यंजनाच्या डावीकडे, पण युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. त्यामुळे ‘किती’मधली वेलांटी ‘क’च्या आधी जाऊन बसते, रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, जोडाक्षरांच्या जागी कधी कधी नुसत्या चौकटी उरतात. कॅलिबर या मोफत ई-पुस्तक प्रोग्रॅममध्ये अशी पीडीएफ थेट ईपबला लावली की हा सगळा घोळ जसाच्या तसा पुढे जातो. दोष कॅलिबरचा नव्हे, त्याला मिळालेल्या मजकुराचा.

उलटे वाटेल, पण अशा पीडीएफची चित्रे काढून ती ओसीआरला (चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर करणाऱ्या प्रोग्रॅमला) देणे जास्त सोपे पडते. पाने ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) काढायची, त्याखाली काना आणि दंड एकमेकांत मिसळतात. टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रॅममध्ये मराठीची फाइल वेगळी उतरवून घ्यावी लागते; तिचा कोड एम-ए-आर. हिंदीची फाइल लावून काम भागेल असे वाटते, पण ‘ळ’ आणि ‘ऱ्य’च्या जागा मग हाताने दुरुस्त करत बसावे लागते. दोन-चार पानांचेच काम असेल तर गुगल ड्राइव्हमध्ये चित्र चढवून ते डॉक्समध्ये उघडले तरी मजकूर मिळतो, फक्त फाइल २ एमबीच्या आत ठेवायची.

ओसीआरच्या चुका ठरलेल्या असतात. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, १ आणि ९. ‘ख’चा ‘रव’. शिरोरेषेला चिकटलेला अनुस्वार गायब. मी आधी पानाच्या माथ्यावरचे पुस्तकाचे नाव आणि पानांचे आकडे शोधून काढून टाकतो, मग ओळीअखेर तुटलेले शब्द जोडतो आणि त्यानंतरच वाचायला बसतो. क्रम उलटा केला की तीच पाने दोनदा वाचावी लागतात.

आता आचारी. ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिलेला सापडतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, त्यापुढे हलन्त (पाय मोडल्याचे चिन्ह) आणि ‘य’. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे नावाचे न दिसणारे जोडचिन्ह आणि ‘य’. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण मजकूर साफ करणारी कितीतरी साधने न दिसणारी चिन्हे कचरा समजून उडवतात. जोडचिन्ह गेले की र-हलन्त-य उरते, त्याचा रफार होतो आणि आचाऱ्याचा आचार्य. दऱ्यांचा दर्या, सुऱ्यांच्या सुर्या. स्पेलचेकरलाही कळत नाही, कारण ‘दर्या’ हाही खरा शब्द आहे. म्हणून मी संपूर्ण मजकुरात दुसरा प्रकार शोधून पहिल्याने बदलतो, ‘ऱ्ह’सकट, आणि तेही साफसफाईच्या आधी. नंतर केले तर शोधायला काही उरलेलेच नसते.

मजकूर वर्डच्या फाइलमध्ये, प्रकरणांची नावे ‘हेडिंग १’ शैलीत. एवढे केले की कॅलिबर अनुक्रमणिका आपोआप बांधते. मेटाडेटात, म्हणजे पुस्तकाच्या माहितीत, भाषा मराठी निवडायची. रिकामी ठेवली किंवा इंग्रजी राहिली तर दोन नुकसाने. पहिले म्हणजे किंडलकडे मेलने पाठवताना भाषेची नोंद नसलेली फाइल अडकू शकते. दुसरे डोळ्यांना खुपणारे: ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. नोव्हेंबर २०२२च्या शासन निर्णयात ज्याला पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श म्हटले आहे, ती वळणे अनेक फॉन्टमध्ये असतात, पण मजकूर मराठी आहे असे सांगितल्यावरच बाहेर येतात. त्यामुळे मी कॅलिबरच्या एडिटरमध्ये फाइल उघडून आतल्या प्रत्येक पानाच्या सुरुवातीला भाषेचा कोड एम-आर आहे ना, हे बघतो. इतकी कटकट नको असेल तर टिरो देवनागरी मराठी हा मोफत फॉन्ट घ्या. त्यात मराठी वळणे मुळातच आहेत.

फॉन्ट पुस्तकातच बसवायचा: कन्व्हर्ट, ‘लुक अँड फील’, ‘एम्बेड फॉन्ट फॅमिली’. त्याखालची ‘सबसेट’ची खूण मी काढून ठेवतो. फॉन्टची काटछाट करताना ‘द्ध’ किंवा ‘ह्म’चा एखादा जोड-आकार सुटला तर नुकसान मोठे आणि वाचलेली जागा शे-दोनशे केबी. मजकूर डावीकडे लावायचा. दोन्ही बाजूंनी समान केला तर लांबलचक मराठी शब्दांमुळे ओळीत भगदाडे पडतात, कारण शब्द तोडण्याचे मराठी नियम उपकरणाकडे नसतात. ओळींमधले अंतर दीडपट. वर मात्रा, खाली उकार, यापेक्षा कमी अंतरात एकमेकांवर आदळतात.

मग मेल. अ‍ॅमेझॉनच्या खात्यात ‘पर्सनल डॉक्युमेंट सेटिंग्ज’मध्ये किंडलचा स्वतःचा मेल पत्ता दिसतो, आणि खाली परवानगी असलेल्या पत्त्यांची यादी. तुम्ही ज्या पत्त्यावरून पाठवणार तो नेमका त्यात हवा. मेल सेवा बदलली की लोक हे हमखास विसरतात आणि दोष फाइलला देतात. त्या यादीत नुसते डोमेनही चालते, पण तिथे जीमेलचे सबंध डोमेन घालणे म्हणजे दाराला कडी नसणे. २०२२पासून ईपब थेट चालते. एका मेलला ५० एमबी ही किंडलची मर्यादा, पण त्याआधी तुमच्या मेल सेवेची आडवी येते, बहुधा २५ एमबी. त्याहून मोठी फाइल जोडली की जीमेल तिची ड्राइव्हची लिंक करते आणि किंडलला लिंकचा काही उपयोग नाही. फॉन्टसकट मजकुराचे ईपब एक-दोन एमबीत बसते, त्यामुळे ही अडचण स्कॅन केलेल्या पुस्तकांनाच येते. ती मी अ‍ॅमेझॉनच्या ‘सेंड टू किंडल’ या वेब पानावरून चढवतो, तिथे २०० एमबीपर्यंत चालतात. पीडीएफ पाठवताना विषयात रोमनमध्ये ‘कन्व्हर्ट’ लिहिले की किंडल तिचे रूपांतर करते. मराठीसाठी ते लिहू नका. वेलांटीचा तोच घोळ परत होईल.

नव्या मेल सेवांची प्रत्येकाची वेगळी तऱ्हा. प्रोटॉनमध्ये बाहेरच्या माणसाला पासवर्ड लावून मेल पाठवता येतो, पण त्याला पोचते ती लिंक. किंडलसाठी साधा मेलच पाठवायचा, आणि सार्वजनिक किल्ली (मेल कुलूपबंद करण्यासाठीची छोटी फाइल) जोडण्याचा पर्याय चालू असेल तर बंद करायचा, नाहीतर पुस्तकाबरोबर एक परकी फाइलही जाते. टूटामध्ये बाहेरच्या पत्त्यासाठी असे पासवर्डचे कुलूप आधीच लागलेले असते, ते दर वेळी उघडायला विसरू नका. ‘हे’ नावाची २०२०ची सेवा (मराठी वाक्यात हे नाव बसवणे हीच एक कसरत) अनोळखी पत्त्याचा पहिला मेल दारात थांबवते. किंडल कधी कधी ‘हे तुम्हीच पाठवले का’ असा खात्री करणारा मेल पाठवते आणि त्यावर ४८ तासांत होकार द्यायचा असतो. तो मेल दारातच अडकला की पुस्तक कुठे गेले ते शोधत बसा. तिघींत मला प्रोटॉनच सोयीची वाटली, कारण तिथे कुलूप आपण मागितल्यावरच लागते.

दुसरीकडून मिळालेले ईपब पाठवल्यावर मराठीऐवजी टिंबे-रेघा लावलेली रोमन अक्षरे आली, तर आतल्या पानांवर यूटीएफ-८ या अक्षर-संकेताची घोषणा नसते. कॅलिबरच्या एडिटरमध्ये प्रत्येक पानाच्या पहिल्या ओळीत ती घातली की काम होते.

कोबो या दुसऱ्या ई-रीडरचा मार्ग वेगळा, तिथे मी यूएसबीच वापरतो. साधे ईपब उघडून पडद्यावर मांडणारे त्यातले इंजिन जोडाक्षरे फोडते. तीच फाइल केपब, म्हणजे कोबोचा स्वतःचा ईपब प्रकार, केली, म्हणजे नावाच्या शेवटी ‘डॉट केपब डॉट ईपब’ आले, की दुसरे इंजिन लागते आणि ‘उच्छ्वास’ सरळ दिसतो. केपबिफाय हे छोटे साधन ते काही सेकंदांत करते.

उपकरणावर दोन गोष्टी राहतात. अक्षरांच्या मेनूत ‘पब्लिशर फॉन्ट’ निवडायचा, नाहीतर बसवलेला फॉन्ट आत असून दिसत नाही. आणि ‘पेज रिफ्रेश’, म्हणजे पान उलटताना पडदा पूर्ण पुसणे, चालू ठेवायचे. इंग्रजीत जुन्या पानाची सावली अक्षराअक्षरांत विखुरते, म्हणून फारशी जाणवत नाही. मराठीत मात्र मागच्या पानाच्या शिरोरेषा पुढच्या पानावरच्या ओळींच्या मधोमध पुसट आडव्या रेघांसारख्या राहतात, रेघी वहीत छापल्यासारख्या.