नाताळची रात्रपाळी

नगर जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात मी स्टाफ नर्स आहे. डिसेंबरात आमच्याकडे ऊसतोड ऐन भरात असते. बीडकडच्या टोळ्या फडाजवळ कोप्या टाकून राहतात आणि दिवस भरत आले तरी बायकांच्या डोक्यावरची मोळी उतरत नाही. नाताळच्या आदल्या रात्री आलेलं बाळ अशाच एका कोपीतलं, आठव्या महिन्यात झालेलं. वजन १४०० ग्रॅम. आईला झटके आल्यानं ती आयसीयूत होती. बाळाचं तापमान ३५.२ अंश सेल्सिअस भरलं, ३६.५ च्या खाली गेलं की आम्हाला धास्ती असते. आणि बाळाला ऊब देणारा वॉर्मर एकही रिकामा नव्हता.

"श्वास नीट चाललाय. बापाच्या छातीवर द्या," डॉक्टर म्हणाले. कांगारू पद्धत म्हणतात ती हीच. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी ती सुरू केली, तीही इन्क्युबेटर अपुरे पडत होते म्हणूनच.

बाप दाराशीच थबकला. हातांना घट्टे, दंडांवर-छातीवर पाचटानं कापल्याचे ओरखडे. "सिस्टर, लई खरबरीत अंग हाय माझं. टोचंल की त्याला."

गरम पाण्यानं त्याचे हात, छाती धुवून घेतली. बाळाला टोपी, मोजे, लंगोट, बाकी उघडंच. छातीवर पालथं ठेवून मान एका कुशीला वळवली आणि दोघांना मिळून शाल बांधली. मग तो हललाच नाही. नाकावर बसलेला डाससुद्धा त्यानं हाकलला नाही, मीच हाकलला. दोन तासांनी तापमान ३६.६ आलं. बाळाचे तळवे गुलाबी दिसू लागले होते.

माझा धाकटा भाऊ २०२१ मध्ये कोविडनं गेला. शेवटी श्वासासाठी तडफडत होता आणि आम्हाला आत सोडलं नव्हतं. तेव्हापासून मी आईसाठी चर्चला जायची, पण प्रार्थना तोंडून निघत नव्हती. दूर वर बसून बघणारा, एवढाच माझा देव उरला होता. ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य, हे ४५१ सालच्या खाल्सेदोनच्या परिषदेचं, म्हणजे चर्चच्या धर्मसभेचं, वचन मी लहानपणी चर्चच्या दृढीकरण संस्काराच्या वर्गात घोकून पाठ केलेलं.

त्या रात्री चार्ट भरताना ते अंगावर आलं. मरियेच्या बाळाचेही पाय गार पडले असतील. त्यालाही कुणीतरी मानेखाली हात घालून उचलावं लागलं असेल. माणसातलं जे ख्रिस्तानं स्वतःवर घेतलं नाही ते बरंही झालं नाही, असं चौथ्या शतकातले बिशप, नाझियान्झसचे ग्रेगरी, यांनी लिहिलंय. मग त्यानं गारठा घेतला, भूक घेतली, आणि क्रुसावर तुटत जाणारा श्वासही घेतला. माझ्या भावाच्या खाटेपाशी आम्ही नव्हतो, पण तो श्वास ठाऊक असलेला कुणीतरी तिथे होता. मी औषधांच्या खोलीत गेले आणि मनसोक्त रडले. तिथेच प्रार्थना केली. भावाचं नाव घेतलं, मग त्या बाळाच्या आईचं.

ती शुद्धीवर आली. पुढचे दिवस दोघं आळीपाळीनं बाळ छातीशी घेऊन बसले आणि वजन चढू लागल्यावर घरी गेले. सगळीच बाळं जात नाहीत घरी. ज्या रात्री एखादं हातचं जातं, त्या रात्रीही आता मी प्रार्थना करते. आणि बाप दाराशी दिसला की त्याला आधी आत बोलावते, शर्ट काढायला सांगते.