घराला ताडपत्री, स्वयंपाकघराला पिशव्या

दक्षिण कॅलिफोर्नियात हिंडताना मधूनच एखादे अख्खे घर रंगीत पट्ट्यांच्या ताडपत्रीत गुंडाळलेले दिसते आणि नव्याने आलेल्या मराठी माणसाला वाटते की कोणाकडे तरी कार्य असावे. जवळ गेल्यावर दारावरचे कवटीचे चित्र दिसते. आत विषारी वायू भरलेला असतो आणि तो भरण्याचे कारण असते वाळवी. यंदा ही पाळी आमच्या घरावर आली.

आपल्याकडे वाळवी म्हटले की भिंतीवर चढत गेलेली मातीची नळी डोळ्यांसमोर येते, कारण ती जमिनीतून येते आणि तिला मातीतला ओलावा लागतो. येथे तशी वाळवी आहेच, पण शिवाय कोरड्या लाकडात राहणारी एक जात आहे, जिचे शास्त्रीय नाव इन्सिसिटर्मिस मायनर. तिला मातीशी देणेघेणे नसते. लाकडात मुरलेल्या थोड्याशा ओलाव्यावर ती वर्षानुवर्षे जगते, आणि येथील बहुतेक घरांचा सांगाडाच लाकडी असल्यामुळे तिला अन्न व निवारा एकाच ठिकाणी मिळतो. आमच्या खिडकीच्या कट्ट्यावर खसखशीसारखे तपकिरी दाणे पडू लागले. पुसले तरी काही दिवसांत पुन्हा त्याच जागी छोटीशी रास जमे. भिंगाखाली पाहिले तर प्रत्येक दाण्याला सहा चपट्या बाजू होत्या. ती वाळवीची विष्ठा, आणि तपासनिसाला तेवढी खूण पुरली. छताच्या वाशांतही तीच कथा निघाली, तेव्हा एकेका जागी औषध टोचण्याचा पर्याय बाद झाला.

घरावर ताडपत्री चढवून आत जो वायू सोडतात, त्याचे नाव सल्फ्युरिल फ्लोराइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि म्हणूनच तो अधिक घातक. एखादा माणूस चुकून आत राहिलाच, तर त्याला कळावे म्हणून आधी थोडे क्लोरोपिक्रिन सोडतात. पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरलेले हे रसायन डोळ्यांची इतकी आग करते की कोणीही तेथे थांबू शकत नाही.

वायूची भीती मात्र दोन दिवसांची. खरा घाम काढला तो स्वयंपाकघराने. कारखान्यातून आलेल्या आणि न उघडलेल्या काचेच्या बरण्या व पत्र्याचे डबे तसेच ठेवता येतात. बाकीचे सर्व अन्न आणि औषधे एक तर घराबाहेर न्यायची, नाही तर खास नायलॉनच्या पिशवीत घालून, तोंड पिळून बांधून, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत बांधायची. फ्रीज आणि फ्रीझरमधील वस्तूही त्यात आल्या. ज्यांच्या घरी पावाची लादी आणि दोन-चार खोकी असतात त्यांचे हे काम तासाभराचे. आमच्याकडे निम्मे काम मिसळणाचा डबा, गावाहून आलेला गोडा मसाला, कुळथाचे पीठ, आमसुले, उघडलेली लोणची, पापड आणि मेतकूट यांनीच खाल्ले. सासूबाई मुक्कामाला होत्या. त्यांनी च्यवनप्राशची बरणी हातात घेऊन विचारले, ‘‘अहो, हे अन्नात धरायचे की औषधात?’’ पिशवीत दोन्ही जाणार होते, तरीही प्रश्न रास्त होता. गंमत अशी की हाच वायू, वेगळ्या नावाने आणि ठरलेल्या मर्यादेत, साठवणीतल्या सुक्यामेव्यावरही वापरतात.

आदल्या दिवशी बाहेरची तयारी झाली. भिंतीलगतची झुडपे छाटली आणि मुळांपर्यंत वायू जाऊ नये म्हणून माती भिजवली. तुळशीची कुंडी शेजाऱ्यांकडे गेली. घरातील गॅसपुरवठा बंद करून घ्यावा लागतो, कारण ज्योत पेटती राहिल्यास या वायूपासून धातू खाणारी आम्ले तयार होतात. कपाटे आणि खण उघडे ठेवून आम्ही मित्राकडे मुक्काम हलवला. अशा रिकाम्या घरांत चोऱ्या होतात हे ऐकून होतो, म्हणून दागिने आणि पासपोर्ट बरोबर घेतले.

ताडपत्री निघाल्यावरही लगेच आत जाता येत नाही. प्रत्येक खोलीतील हवा उपकरणाने तपासतात आणि वायूचे प्रमाण दहा लाखांत एक भाग किंवा त्याहून कमी असेल, तरच प्रवेशाची परवानगी देणारा कागद दाराला लागतो. वायू उडून जातो, भांड्यांवर थर बसत नाही, त्यामुळे ती धुण्याची गरज नसते, असे कंपनीच्या माणसाने स्पष्ट सांगितले होते. सासूबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि सगळी भांडी घासायला काढली. मीही विसळायला उभा राहिलो.

या उपायाच्या मर्यादा मात्र आधीच समजून घ्याव्यात. वायू मागे काही ठेवत नाही, म्हणजे पुढचे संरक्षणही ठेवत नाही. शरद ऋतूतील उन्हाच्या दिवशी पंख फुटलेली नवी जोडी उडत आली, तर ती खुशाल वास्तव्य करू शकते. शिवाय सल्फ्युरिल फ्लोराइड हा वजनाच्या तुलनेत कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पटींनी तापमान वाढवणारा वायू आहे, आणि काम झाल्यावर तो सरळ वातावरणात सोडला जातो. हे मला खटकते. पुढच्या वेळी दाणे एकाच जागी दिसले, तर लाकूड सुमारे ४९ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून वाळवी मारण्याच्या पद्धतीची चौकशी आधी करणार आहे. तूर्तास पोखरलेले दोन वासे बदलायचे आहेत, कारण वाळवी मेली तरी लाकूड भरून येत नाही, आणि सुताराचा अंदाज धुरीच्या बिलाच्या जवळपास जातो आहे.