तुम्ही विचारलंत म्हणून : दोघांनी एकदमच निघावं का?

परदेशात नोकरी लागलेली मंडळी मला फोन करतात. पगार, थंडी, भाषा हे सगळं विचारून झालं की शेवटी जरा आवाज खाली आणून एक प्रश्न येतो. "आम्ही दोघांनी एकदमच निघावं, की ज्याची नोकरी आहे त्याने आधी जाऊन घर-बिर लावावं आणि दुसऱ्याने दोन-तीन महिन्यांनी यावं?" प्रश्न व्यवहाराचा असतो, पण नुसता व्यवहाराचा नसतो. म्हणून फोनवर पाच मिनिटांत त्याचं उत्तर देणं मला कधीच जमलं नाही. आज नीट लिहिते.

एकदमच निघा. जमलं तर एकाच विमानाने.

आम्ही ऑक्टोबर २०२२ मध्ये जर्मनीत, श्टुटगार्टला आलो. नोकरी माझी होती आणि नवरा डिपेंडंट व्हिसावर होता. कागदोपत्री काहीच आड येत नव्हतं. ब्लू कार्डावर (परदेशी कुशल लोकांना मिळणारा राहण्याचा आणि कामाचा परवाना) येणाऱ्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी आधी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही, आणि इथे आल्यावर त्यालाही नोकरी करायची पूर्ण मुभा असते. काळजी होती ती घरच्यांना. "तू आधी जा, सगळं मार्गी लाव, मग त्याला बोलाव. तो तिथे नुसता बसून काय करणार?" सगळे प्रेमापोटीच सांगत होते, आणि महिनाभर आम्हीही तेच धरून चाललो होतो. मग एका रात्री जेवताना तो म्हणाला, "तू लावलेल्या घरात मी पाहुण्यासारखा यायचं, ते मला नको वाटतंय." त्यावर मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी दोन तिकिटं काढली.

कंपनीने पहिले दहा दिवस हॉटेल दिलं होतं. नवीन लोकांना मदत करायला नेमलेल्या एका बाईंनी आमच्यासाठी आधीच घर बघून ठेवलं होतं. शहराच्या वेस्ट भागातली जुनी इमारत, चौथा मजला, लिफ्ट नाही. श्टुटगार्ट एका खोलगट दरीत वसलंय, चारी बाजूंनी चढ, आणि त्या चढांवर द्राक्षमळे. वरच्या रस्त्यावर जायचं तर मधे दगडी पायऱ्यांच्या वाटा, ज्यांना इथे 'श्टेफेले' म्हणतात. पहिल्या दिवशी बॅगा घेऊन त्यातल्याच एका वाटेने चढलो, कारण नकाशात तोच रस्ता जवळचा दिसत होता.

जर्मनीत भाड्याचं घर रिकामं मिळतं म्हणजे किती रिकामं, हे दार उघडल्यावर कळलं. पुष्कळ घरांत स्वयंपाकघर नसतंच. म्हणजे खोली असते, पण ओटा नाही, सिंक नाही, एक फळीसुद्धा नाही. भिंतीतून आलेली नळजोडणी, सांडपाण्याचं तोंड आणि शेगडीसाठी विजेची जोडणी, बस. आधीचा भाडेकरू स्वयंपाकघर सुटं करून पुढच्या घरी नेतो, नाहीतर नव्या भाडेकरूला विकतो. आमच्या आधीच्या कुटुंबाने ते नेलं होतं. छताला दिव्याच्या जागी दोन-तीन वायरी लोंबत होत्या. पहिले पाच आठवडे आम्ही एका विजेच्या शेगडीवर रांधलं. ती शेगडी एका उलट्या खोक्यावर ठेवलेली, आणि भांडी न्हाणीघरातल्या बेसिनमध्ये. एकाने घासायची, दुसऱ्याने मागे उभं राहून टेबललॅम्प धरायचा, कारण तिथला दिवा तेवढा उजेड देत नव्हता.

त्या टेबललॅम्पबद्दल आम्ही अजून बोलतो. घरात उजेड एकच असला की दोघांना एकाच खोलीत बसावं लागतं.

व्यवहाराच्या दोन गोष्टी इथेच सांगते. जाहिरातीत दिसतं ते बहुधा 'काल्टमीटे', म्हणजे नुसतं भाडं. हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून होतं ते 'वार्ममीटे', हिशेब त्यावर करा. आणि डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त घेता येत नाही, शिवाय ते तीन समान हप्त्यांत द्यायचा भाडेकरूला हक्क आहे. आम्हाला हे माहीत नव्हतं. आणलेल्या पैशांतला मोठा भाग आम्ही एका रकमेत भरून टाकला आणि गादी विकत घ्यायला पगाराची वाट पाहिली.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते. त्याला 'आनमेल्डुंग' म्हणतात, आणि ती केल्याशिवाय पुढचं पान हलत नाही. घरमालकाच्या सहीचा दाखला, पासपोर्ट, लग्नाचा दाखला आणि मान्यताप्राप्त भाषांतरकाराने केलेलं त्याचं भाषांतर घेऊन आम्ही दोघं गेलो. तिथे धर्मही विचारतात, कारण चर्चचा सदस्य असेल त्याच्या पगारातून चर्चचा कर कापला जातो. वीस मिनिटांत काम झालं. शिक्क्याचा कागद हातात आला, त्यावर दोघांची नावं, खाली एकच पत्ता. तो कागद घेऊन आम्ही बाहेर बाकावर बसलो आणि बराच वेळ उठलो नाही.

इथवर दोघांचे आठवडे एकसारखे होते. पुढच्या सोमवारी मी कामाला लागले आणि ते वेगळे झाले.

मला सकाळी जायला जागा होती, टेबल होतं, माझं नाव घेऊन हाक मारणारी माणसं होती. ऑफिसात इंग्रजी चालायचं. त्याला रिकामं घर आणि पूर्ण अनोळखी भाषा. मी संध्याकाळी यायचे आणि बूट काढता काढता विचारायचे, "मग, आज काय केलंस?" अगदी साधा प्रश्न. दहाएक दिवसांनी तो म्हणाला, "हे रोज नको विचारूस." मला राग आला. मी दिवसभर राबून येते आणि साधी चौकशीही करायची नाही का, असं वाटलं. दोन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. नंतर कळलं की त्या प्रश्नापुढे त्याला दिवसाचा हिशेब द्यावासा वाटायचा आणि द्यायला काही नसायचं. बारा वर्षं नोकरी केलेला माणूस. दुपारभर खिडकीतून समोरच्या घराची कौलं मोजली, हे बायकोला कसं सांगणार?

आणि मग टपालपेटीचं झालं. हे सविस्तर सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं.

जर्मनीत पत्त्यात बहुतेक वेळा फ्लॅटचा नंबर नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक आणि माणसाचं नाव. पोस्टमन खालच्या पेट्यांवरची नावं वाचतो आणि जुळेल त्या पेटीत पत्र टाकतो. नाव जुळलं नाही तर पत्र परत. आमचा भाडेकरार एकट्या माझ्या नावाचा होता, कारण पगार माझा. घरमालकांनी करारावरचं नाव बघून पेटीवर आणि बेलवर व्यवस्थित छापील पट्टी लावून दिली. माझ्या आडनावाची. मी लग्नानंतर आडनाव बदललेलं नाही. दोघांनाही ते खटकलं नाही. रोज त्याच पेटीतून आम्ही पत्रं काढत होतो.

माझी पत्रं येत होती. बँकेचं, विम्याचं, अकरा आकडी करक्रमांकाचं. तो क्रमांक वेळेत मिळाला नाही तर पगारावर सर्वांत जास्त दराने कर कापला जाऊ शकतो, म्हणून माझं सगळं लक्ष त्यावर. त्याचं काही आलं नाही हे जाणवत होतं, पण "येईल, इथे वेळ लागतो" असं म्हणून सोडून देत होतो.

पाचव्या आठवड्यात त्याचा कान दुखायला लागला. रात्रभर तळमळला. सकाळी दवाखान्यात गेलो तर विम्याचं कार्ड मागितलं. जोडीदार कमावता नसेल तर सरकारी विम्यात त्याला वेगळा हप्ता न भरता सामावून घेतात, तो अर्ज आम्ही केव्हाच केला होता. मी तिथूनच विमा कंपनीला फोन लावला, माझी एक सहकारी दुसऱ्या फोनवरून भाषांतर करत होती. तिकडच्या बाई म्हणाल्या, कार्ड तर तीन आठवड्यांपूर्वीच पाठवलंय, पण परत आलं. कारण? त्यांनी शेरा वाचून दाखवला. दिलेल्या पत्त्यावर ही व्यक्ती आढळली नाही.

सहकारीने ते मला इंग्रजीत सांगितलं. मी त्याला मराठीत सांगितलं. तो कानावर हात दाबून बसला होता. सबंध शहरात त्या पत्त्यावर दिवसभर असणारा तोच एक माणूस.

विमा कंपनीने तिथल्या तिथे दवाखान्याला तात्पुरत्या दाखल्याचा फॅक्स पाठवला, डॉक्टरांनी तपासलं, थेंब दिले. कानाचं काही विशेष नव्हतं. घरी येताना तो काही बोलला नाही. मीही बोलले नाही. वर जाऊन त्याने खोक्याच्या पुठ्ठ्याची पट्टी कापली, मी स्केचपेन शोधलं, आणि माझ्या आडनावाच्या खाली त्याचं आडनाव लिहून आम्ही ती चिकटपट्टीने पेटीवर लावली. एक बेलवर. तिथे उभं राहून मला रडू आलं. या माणसाला मी सोबत आणलं आणि दारावर त्याचं नावच लावलं नाही, असं मला त्या क्षणी फार लागलं. तोच माझी समजूत काढत होता.

आठवड्याने त्याच्या नावाचं पहिलं पत्र आलं. रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं, महिना १८.३६ युरो. हे शुल्क घरटी एकच असतं, पण नोंदणी झाली की दोघांनाही पत्र येऊ शकतं. एकाने भरलं की दुसऱ्याने तसं कळवायचं असतं. त्याने कळवलं. ते पत्र मात्र त्याने फाइलमध्ये सगळ्यात वर लावून ठेवलंय.

म्हणून सांगते, एकदम निघा, आणि करारावर दोघांची नावं घालायला सांगा. नोंदणीला दोघं जा. पेटीवर आणि बेलवर दोन्ही आडनावं पहिल्याच दिवशी लावून घ्या, हाताने लिहून का होईना. जो मागून येतो त्याला हे सगळं आयतं मिळतं असं आपण समजतो. मी पाहिलेल्या तीन-चार जोडप्यांत मागून आलेल्याला चमचे कुठल्या खणात आहेत हेसुद्धा विचारावं लागत होतं, आणि पहिला आलेला शांतपणे समजावून सांगत होता. दोघांचाही दोष नव्हता. पण एकजण त्या घरात यजमान झाला होता, आणि ते पुढे वर्षभर तसंच राहिलं. मुलांची परीक्षा, आई-वडिलांचं आजारपण असेल तर एकाने आधी जावं लागतंच, तिथे इलाज नाही. तसं असेल तर पुढे गेलेल्याने पडदे लावू नयेत. दिवे घेऊ नयेत. गादी आणि शेगडी पुरे.

आमच्याकडे पुढे काय झालं तेही सांगायला हवं. आमच्या इमारतीत 'केअरवोखे' आहे. ही या भागाची जुनी पद्धत. जिना आणि पॅसेज झाडून पुसायची पाळी आठवड्या-आठवड्याने घरोघर फिरते, आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला लहानशी पाटी अडकवतात. नोव्हेंबरच्या अखेरीस एका सकाळी ती पाटी आमच्या दारावर दिसली. मी ऑफिसला निघाले होते. तो बादली घेऊन खाली गेला. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी बाहेर आल्या आणि कठड्याच्या खालच्या कडेवरूनही फडकं फिरवायचं असतं, ते त्यांनी करून दाखवलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्याला जर्मन येत नव्हतं. दुपारपर्यंत तो 'बादली', 'फडकं', 'पायरी' आणि 'पुन्हा एकदा' हे चार शब्द शिकला होता.

मग तो सुटलाच. काचेच्या बाटल्या रंग बघून रस्त्यावरच्या पिंपात टाकायच्या, आणि रविवारी टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो. थंडीतही दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवायची, नाहीतर भिंतींना बुरशी धरते. हे सगळं मला त्याच्याकडून कळलं. जानेवारीत तो रोटेब्युलप्लात्झच्या लोकविद्यापीठात, फोल्क्सहोखशूलमध्ये, भाषेच्या वर्गाला जाऊ लागला. संध्याकाळी आता तोच मला विचारायचा, "आज काय झालं?" आणि मग स्वतःचंच सांगत सुटायचा.

फेब्रुवारीत एकदा मी लवकर घरी आले. हातात पिशव्या, किल्ली बॅगेच्या तळाशी. खाली दारात त्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. इतक्या महिन्यांत आमची गाठच पडली नव्हती, कारण मी अंधारात जायचे आणि अंधारात यायचे. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि हळूहळू, मला समजेल अशा जर्मनमध्ये विचारलं, कोणाकडे आलात? मी पेटीवरचं आमचं नाव बोटाने दाखवलं. छापील पट्टीवरचं माझं, खाली पुठ्ठ्यावरचं त्याचं. त्यांनी पुठ्ठ्यावरच्या नावावर बोट ठेवलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अच्छा, तुम्ही त्यांच्या पत्नी!"

मी हो म्हणाले. त्यांनी माझ्या हातातली एक पिशवी घेतली आणि आम्ही जिना चढू लागलो.