आमची वाटचाल: ४१ फोन आणि वाशिष्ठीचं पाणी

चिपळुणात बसून मोबाईल अ‍ॅप टेस्ट करतो म्हटलं की लोक अजून विचारतात, म्हणजे फोन रिपेअरिंग का? पहिल्या वर्षी तर रोज कोणीतरी चार्जिंगची पिन बदलून मागायला यायचं, आणि खरं सांगते, दोनतीनदा बदलूनही दिली, भाडं द्यायचं होतं.

२०१६ ला गणपतीत पुण्याची नोकरी सोडून घरी आले. ५ सप्टेंबरला गणपती बसले आणि त्याच दिवशी जिओ सुरू झालं, आरतीला जमलेली अर्धी पोरं सिमबद्दलच बोलत होती. तेव्हाच डोक्यात आलं की आता अ‍ॅप आमच्या आत्याच्या हातात येणार, आणि आत्याला ते वापरता येतंय का हे बघणारं पुण्यात कोणी नाही. शाळेतला एक मित्र पार्टनर झाला, बाजारपेठेच्या मागे तळमजल्यावर गाळा घेतला, सात फोन, दोन टेबलं, एक पॉवरवाला यूएसबी हब. हबचं मुद्दाम सांगते कारण साध्या हबवर सात फोन लावले की एडीबीला (संगणकावरून फोन हाताळायचं टूल) त्यातले चारच दिसतात आणि नवीन पोरगं अर्धा दिवस केबल बदलत बसतं.

आमचे पहिले मोठे गिऱ्हाईक म्हणजे रत्नागिरीचे बोटवाले काका. मिरकरवाड्याला त्यांच्या दोन बोटी, आणि भाच्याने त्यांना बोटीच्या हिशोबाचं अ‍ॅप करून दिलेलं, डिझेल किती, बर्फाच्या लाद्या किती, रेशन, खलाशांची उचल, सगळं ट्रिपप्रमाणे. भाचा हुशार, पण त्याने ते एसीत बसून केलेलं. काका आले ते फोन माझ्यासमोर आपटूनच, "ताई, एंट्र्या गायब होतात, तांडेल (बोटीचा कप्तान) म्हणतो मी टाकली, मी म्हणतो तू खोटा, आमची भांडणं लागली."

दोन दिवस ऑफिसात काहीच सापडलं नाही. लॉगकॅट, म्हणजे फोनच्या आतल्या नोंदी, स्वच्छ, क्रॅश नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे जेटीवर जाऊन उभी राहिले. तांडेलाचा हात ओला, बोटाला खवलं चिकटलेली, स्क्रीनवर खाऱ्या पाण्याचे थेंब. एंट्री पुसायला तिच्यावरून डावीकडे बोट सरकवायचं अशी सोय भाच्याने ठेवलेली, आणि ओल्या स्क्रीनला थेंब आणि बोट यातला फरक कळत नाही. तांडेल फोन शर्टाला पुसायचा, तेवढ्यात एंट्री उडायची. 'पुसू का?' असं विचारणार कोणी नाही, परत आणायची सोय नाही. वर करडी अक्षरं पांढऱ्यावर, उन्हात दिसायचीच नाहीत म्हणून त्याला कळायचंही नाही की काही गेलं. तेव्हापासून आमच्या टेबलावर मिठाच्या पाण्याचं टमरेल असतं. येणारे हसतात. हसू देत.

दुसरी आमची टेस्ट म्हणजे करबुडे. कोकण रेल्वेवाल्यांना सांगायला नको, उक्षी आणि भोके यांच्यामधला साडेसहा किलोमीटरचा बोगदा. चिपळूणहून पॅसेंजरने रत्नागिरीला जाताना बोगद्याच्या तोंडाशी 'सेव्ह' दाबायचं आणि पलीकडे काय होतं ते बघायचं. काकांच्या अ‍ॅपमध्ये डिझेल दोनदा पडलं, कारण उत्तर आलं नाही म्हणून अ‍ॅपने परत पाठवलं आणि सर्व्हरला कळलं नाही की ही तीच एंट्री आहे. एअरप्लेन मोड चालू-बंद करून हे सापडत नाही हो, त्यात नेटवर्क एकदम तुटतं आणि अ‍ॅपला लगेच कळतं. बोगद्यात नेटवर्क मरत मरत जातं, एक दांडी दिसत असते आणि डेटा काही सरकत नसतो, खरी गंमत तिथे आहे.

२०१७ ते २०२० कामं येत गेली, आम्ही सात जण झालो, फोन ५८ झाले. मधे पार्टनर बंगळूरला गेला, त्याच्याबद्दल काही तक्रार नाही, लग्नाला जाऊन आहेर देऊन आले.

आता २२ जुलै २०२१. चिपळूणकरांना तारीख पुरते. बाकीच्यांना सांगते, आदल्या दिवसापासून पाऊस कोसळत होता, पहाटे वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी शहरात शिरलं. गाळामालकांनी २००५ च्या पुराची रेघ भिंतीवर ऑइलपेंटने मारून ठेवलेली, आणि मी शहाणी, फोनचा रॅक त्या रेघेच्या वर दीड फूट ठोकलेला. सगळ्यांना सांगायची, बघा, आमचं प्लॅनिंग. पाणी रेघेच्या वर गेलं, रॅकच्या वर गेलं, माळ्याच्या फळीला लागलं.

पाणी उतरल्यावर शटर उघडायला चार माणसं लागली. गाळ्यात गुडघाभर गाळ. ५८ पैकी १७ फोन लॉकडाऊनमुळे पोरांच्या घरी होते म्हणून वाचले, कोरोनाचे एवढेच उपकार. ४१ चिखलात. कोणीतरी म्हणालं तांदळात ठेवा. कृपा करून तांदळात ठेवू नका, तांदूळ गाळ काढत नाही आणि धूळ मात्र पिनेत जाते. चालू करून बघू नका, चार्जिंगला तर अजिबात लावू नका, मागचं झाकण काढा, बॅटरी सोडवा, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुवा, दोन दिवस वाळवा. एवढं करून आमचे नऊ जगले. त्यात एक सॅमसंग जे२ होता, एक जीबी रॅमवाला, २०१५ चा. त्याच्या शेजारचा आयफोन गेला आणि हा पठ्ठ्या जगला.

विम्याचं विचारू नका. पॉलिसीत 'फर्निचर व संगणक' लिहिलेलं. सर्व्हेवाले साहेब म्हणाले, मॅडम, मोबाईल कुठे आहे यात? मी म्हटलं, मोबाईल हाच तर धंदा आहे. ते म्हणाले, मग लिहायला पाहिजे होतं. बरोबरच आहे त्यांचं, पण ज्याने पॉलिसी विकली तो मिठाच्या टमरेलाशेजारी बसून चहा प्यायला होता, त्याला समोरचे ५८ फोन दिसले नाहीत? तुमची पॉलिसी आज काढा आणि डिव्हाइसची यादी आयएमईआयसकट (प्रत्येक फोनचा वेगळा नंबर) जोडली आहे का बघा.

चौथ्या दिवशी काका आले. जूनजुलै मासेमारी बंद, म्हणून बोटीचा पंप आणि जनरेटर टेम्पोत घालून दोन खलाशी घेऊन आले. दिवसभर गाळा धुतला. जाताना वर्षभराच्या टेस्टिंगचे पैसे आगाऊ दिले, पावती नको म्हणाले. मी पावती दिलीच, जीएसटीसकट.

आणि ह्याच महिन्यात आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक गेलं. मुंबईची कंपनी, दुकानदारांच्या उधारीचं अ‍ॅप, आमचं निम्मं बिल त्यांच्यावर चालायचं. मी त्यांच्याकडे तीन आठवडे मागितले. त्यांनी "टेक केअर" लिहिलं आणि पाचव्या दिवशी काम दुसऱ्यांना दिलं. त्या दुसऱ्यांचं नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. त्यांच्याकडे क्लाउडवर हजार डिव्हाइस, सगळं ऑटोमेशन, म्हणजे स्क्रिप्टने आपोआप टेस्ट, रोज रात्री रिपोर्ट, हिरवे टिकमार्क. आमच्याकडची एक मुलगी, जिला मी बग कसा लिहायचा ते शिकवलं, तीही तिकडे गेली. तिचं मला वाईट वाटत नाही, घरी हप्ते होते. वाईट ह्याचं वाटतं की सहा महिन्यांनी त्यांच्या जाहिरातीत 'टनेल टेस्टिंग' असा शब्द दिसला. टनेल! ह्यांच्यातला एक माणूस कधी पॅसेंजरने उक्षीला उतरला असेल तर दाखवा.

मी ऑटोमेशनच्या विरोधात नाही. अ‍ॅपियम (स्क्रिप्टने टेस्ट चालवायचं टूल) आमच्याकडेही चालतं, रिग्रेशन (जुनं सगळं परत तपासणं) रोज हाताने कोण करणार. पण स्क्रिप्ट तेच बघते जे तुम्ही तिला बघायला सांगता.

आणि तेच झालं. त्या उधारीच्या अ‍ॅपचं नवीन व्हर्जन आलं, आमच्या एका टेस्टरच्या आईचं किराणा दुकान आहे, त्या ते अ‍ॅप वापरायच्या. फोनची भाषा मराठी. १२५० रुपये उधारी टाकली, अ‍ॅप म्हणालं 'सेव्ह झालं', आणि दुसऱ्या दिवशी खात्यावर शून्य. पोरगा रविवारी फोन घेऊन आला. मी केबल लावली, लॉगकॅट उघडलं, वीस मिनिटांत सापडलं. रक्कम सर्व्हरला पाठवायला मजकुरात बदलताना (स्ट्रिंग फॉरमॅट) भाषा सांगितलेली नव्हती, मग अँड्रॉइडने फोनची भाषा घेतली, आणि मराठीत आकडे देवनागरी निघाले. सर्व्हरला इंग्रजी आकडे हवेत, त्याला काही कळलं नाही, त्याने शून्य लिहिलं. हजार डिव्हाइस होती त्यांच्याकडे, पण हजारही इंग्रजीत.

मी बग रिपोर्ट लिहिला, पायऱ्या, अपेक्षित, प्रत्यक्ष, व्हिडिओ, आणि त्या मुंबईच्या कंपनीतल्या जुन्या मॅनेजरला फुकट पाठवून दिला. का पाठवला ते मला अजून नीट माहीत नाही. उत्तर आलं, "नोटेड, थँक्स." पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त. काम परत आलं नाही. त्यांच्या रिलीजच्या माहितीत लिहिलेलं, किरकोळ सुधारणा. किराणा दुकानवाल्या आईंनी उधारी वहीत लिहायला सुरुवात केली ती केलीच, त्या काही अ‍ॅपकडे परत आल्या नाहीत.

डेव्हलपर लोकांनो, भाषा मराठी करून एकदा सगळं अ‍ॅप फिरा. 'ऱ्या' नीट येतोय का, वेलांटी वरून कापली जातेय का, बटणावर 'रद्द करा' मावतंय का. आणि वयस्क माणसाला वापरायला दिलंत तर तोंड बंद ठेवा, तिथे नाही, वरती, असं सांगू नका, त्याचं बोट जिथे जातं तिथे बटण पाहिजे होतं.

२०२३ च्या शेवटी गुगलने नवीन वैयक्तिक खात्यांना नियम घातला, प्लेस्टोरवर टाकण्याआधी २० टेस्टर १४ दिवस पाहिजेत. पुढच्या वर्षी २० चे १२ केले. तेव्हापासून आठवड्याला दोन फोन येतात, मॅडम, टेस्टरसाठी जीमेल आयडी द्या ना, किती घेता? आम्ही जीमेल विकत नाही. माणसं देतो, ती अ‍ॅप वापरतात आणि शिव्या घालतात, त्याचे पैसे घेतो. बहुतेक जण फोन ठेवतात.

आता गाळा नाही, दुसऱ्या मजल्यावर आहोत, भाडं जास्त आहे. फोन परत ४६ झालेत. महिन्याला एकदा सगळे पालथे घालून बघतो, कारण रात्रंदिवस चार्जिंगवर राहून बॅटऱ्या फुगतात आणि पाठ वर येते, टेबलावर ठेवून बोटाने फिरवला आणि भोवऱ्यासारखा फिरला तर बॅटरी बदला. जे२ अजून रॅकमध्ये पहिला आहे, तापतो, पण चालतो.

काल काकांचा फोन. १ ऑगस्टला बोटी सुटणार, नवीन व्हर्जन आलंय, तांडेलही नवीन आहे, चष्मा लावत नाही. "ताई, त्याला बर्फाचं बटण सापडत नाही, तू ये." शुक्रवारच्या पॅसेंजरने जातेय, टमरेल घेऊन.