नैनीहून परत

आज सकाळी बुंदेलखंड एक्सप्रेसनं घरी आलो, दोन रात्री गाडीत गेल्या तरी झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसलो. लेकीला प्रयागराजजवळ नैनीला सोडून आलो, बीएस्सी ॲग्रीकल्चरला. जिन्याखाली तिची सायकल तशीच उभी आहे.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या नात्यागोत्यात आता शेती कोणाचीच नाही, त्यामुळे जो तो विचारत होता, ग्वाल्हेरात कृषी विद्यापीठ आहे की, मग पोरीला प्रयागराजला कशाला, आणि तेही मिशनऱ्यांनी काढलेल्या ठिकाणी. मला तेव्हा धड सांगता आलं नाही.

तिचं हे कॉलेज काढणारा सॅम हिगिनबॉटम १९०३ मध्ये हिंदुस्थानात आला, मिशनरी, अलाहाबादच्या ख्रिश्चन कॉलेजात इकॉनॉमिक्स शिकवायचा. पोरांना घेऊन आसपासच्या गावांत फिरायला लागला तेव्हा त्याला दिसलं की गरिबीचं मूळ शेतात आहे, आणि शेतीतलं तर आपल्याला काहीच येत नाही. मग पस्तिशीतला हा मास्तर अमेरिकेला परत गेला आणि शेती शिकायला पुन्हा बाकावर बसला! मला हेच सगळ्यात मोठं वाटतं. दत्तजयंतीला पंगत वाढायची, थंडीत ब्लँकेटं वाटायची, मी इतकी वर्षं हे मनापासून केलंय आणि पुढेही करीन, पण समोरच्याची अडचण सोडवायला जे यायला पाहिजे ते आधी स्वतः शिकून यावं असं मला कधी सुचलंच नाही.

१९१० ची ही त्याची संस्था, यमुनेच्या काठी. ब्रीद असं की जमिनीची सेवा करा, भुकेल्याला जेवू घाला. वाचलं आणि गाडगेबाबा आठवले, त्यांची दशसूत्रीही भुकेलेल्यांना अन्न इथूनच सुरू होते ना. नैनीच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमाचं कामही हाच माणूस बघायचा. पुढे संस्थेत मेसन वॉ नावाचे इंजिनिअर आले, त्यांनी आपल्याकडच्या लहानखुऱ्या बैलांना ओढवतील असे लोखंडी नांगर बनवले, आणि नावं ठेवली 'वाहवा' आणि 'शाबास'. बैलामागून चालणाऱ्याला त्याच्याच बोलीतली नावं, किती आपुलकी आहे यात. लेक हे सांगताना एवढी खुलली होती की मी तिच्याकडेच बघत राहिलो.

आणि मुख्य गोष्ट तर तिनं निघताना सांगितली, "बाबा, हिगिनबॉटम आपल्या ग्वाल्हेरला पण होते." १९१६ ते १९१९, माधवराव शिंदे महाराजांच्या काळात, संस्थानच्या शेती खात्याचे डायरेक्टर. मतलब आमचे पणजोबा त्या खात्यात कारकून होते असं घरात ऐकत आलोय, ते याच साहेबांच्या हाताखाली असतील का? परतीच्या गाडीत रात्रभर हेच डोक्यात.

आईला विचारलं तर म्हणाली माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांचे काही मोडीतले कागद आहेत. उद्या काढतो. वाचून देणारं कोणीतरी शोधावं लागेल, पण त्याआधी फोटो काढून लेकीला पाठवतो.